‘अर्धा डेक फेकून द्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

मॅजिक: द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ खेळणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो तीनदा आला, शेवटी माझ्या भाच्याकडून. त्याने ‘सुलताई अरायझन’ हा तयार डेक (पत्त्यांचा जोड) घेतलाय, ‘कमांडर’ या प्रकारासाठीचा. २०२५ च्या एप्रिलमध्ये टार्किर: ड्रॅगनस्टॉर्म सेटबरोबर आलेला, काळ्या-हिरव्या-निळ्या रंगांचा, सगळा भर ग्रेव्हयार्डवर, म्हणजे वापरलेल्या पानांच्या ढिगावर. मेसेज थोडक्यात असा: ग्रेव्हयार्डचा प्रीकॉन (तयार डेक) म्हणजे पैसे पाण्यात. चालवायचाच असेल तर अर्धा डेक फेकून द्या. मिलची कार्डं मिळतील तितकी भरा. लँड (माना, म्हणजे पानं खेळायची किंमत, पुरवणारी पानं) ३२ वर आणा, त्या ग्रेव्हयार्डमधून परत येतातच. आठ-नऊ मानांचे राक्षस घाला. डेमॉनिक ट्यूटर आणि र्‍हिस्टिक स्टडी ही महाग कार्डं घ्या. दहा हजार घालायची तयारी नसेल तर नादाला लागू नका, कारण समोरच्याने ग्रेव्हयार्ड साफ करणारी एक बोजुका बॉग टाकली की खेळ खलास.

भाच्याने हे खरं मानलं आणि निम्मं करूनही टाकलं. म्हणून हे लिहायला बसले. सांगली-मिरजेत आम्ही खेळणारे मोजके. इथे नवीन मुलगा या खेळात येतो तेव्हा त्याच्या खिशात पैसे कमी असतात आणि विचारायला माणसंही कमी असतात. त्याला असा मेसेज मिळाला की तो एकतर कर्ज काढल्यासारखा खर्च करतो, नाहीतर डेक कपाटात टाकतो. दोन्ही मला सोसवत नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. कमांडरमध्ये साधारण चौघं बसतात, प्रत्येकाचा शंभर पानांचा डेक, त्यातलं एक पान म्हणजे डेकचा म्होरक्या ‘कमांडर’, ४० लाइफ, आणि बेसिक लँड सोडल्या तर एकही पान दुसऱ्यांदा नाही. वापरलेली, मेलेली, फेकलेली पानं आपल्यासमोर उघडी पडतात, ते ग्रेव्हयार्ड.

आता पहिला मुद्दा, मिलचा. मिल म्हणजे गड्डीच्या वरची पानं थेट ग्रेव्हयार्डमध्ये टाकणं. मेसेजवाल्याचा हिशेब असा की ग्रेव्हयार्डचा डेक आहे, तर ग्रेव्हयार्ड जितकं भरेल तितकं बरं. पण या डेकचा कमांडर टेव्हल काय सांगतो ते त्याच्या कार्डावर नीट वाचावं. टेव्हल हल्ला करतो तेव्हा तीन पानं मिल होतात, मग हवी तर एक लँड ग्रेव्हयार्डमधून टॅप होऊन (आडवी, म्हणजे त्या फेरीत न वापरता येणारी) मैदानात येते. आणि पुढची ओळ, जी माझ्या मते अख्ख्या डेकचा जीव आहे: तुमच्या ग्रेव्हयार्डमधून एक किंवा अधिक कार्डं बाहेर पडली की २/२ चा (ताकद दोन, दम दोन) एक झोंबी ड्रुइड टोकन, म्हणजे डेकबाहेरचा प्राणी, मिळतो. बाहेर पडली की. आत गेली की नाही. तीस पानं मिल केलीत आणि एकही उचललं नाहीत, तर झोंबी शून्य.

आमच्या रविवारच्या डावात हे डोळ्यांनी पाहिलं. ऑगस्ट होता, बाहेर धो धो पाऊस, मधूनच कुणीतरी आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं ते फोनवर बघत होतं. भाच्यासमोर बावीस पानांचा ढीग. तो ढीग दोन्ही हातांनी पुन्हा पुन्हा चाळत होता, दहावीचा निकाल शोधावा तसा. त्यात चांगली चांगली कार्डं होती. बाहेर काढायला मात्र हातात एकही पान नव्हतं. शेवटी त्याने ढीग खाली ठेवला आणि म्हणाला, “मावशी, सगळं माझ्यासमोरच आहे, आणि काहीच माझं नाही.”

तेव्हा भरणारी पानं हवीत, पण थोडी, आणि स्वस्तातली पुरतात. स्टिचर्स सप्लायर एका मानाचा, येताना तीन आणि मरताना तीन पानं मिल करतो. सॅटिर वेफाइंडर दोन मानांचा, वरची चार पानं उघडतो, त्यातली एक लँड हातात देतो. असे सहा-सात जण बास. टेव्हल स्वतः दर हल्ल्याला तीन पानं टाकतोच आहे. उरलेली जागा उचलणाऱ्या पानांना द्या.

उचलणाऱ्यांत माझी सगळ्यात लाडकी फ्लॅशबॅकची पानं, म्हणजे ग्रेव्हयार्डमधूनही खेळता येणारी. डीप अ‍ॅनालिसिस हातातून खेळायला चार माना लागतात. मिल होऊन ग्रेव्हयार्डमध्ये पडलं की तेच दोन माना आणि तीन लाइफमध्ये खेळता येतं. दोन पानं हातात, आणि कार्ड ग्रेव्हयार्ड सोडून गेलं म्हणून एक झोंबी. थिंक ट्वाइसचं तसंच. ही जुनी कॉमन कार्डं आहेत, सुटी घेतली तर चहा-वडापावच्या पैशात येतात. लाइफ फ्रॉम द लोम थोडं महाग, पण त्याचं काम बघा: नेहमीचं पान ओढायच्या ऐवजी तीन पानं मिल करून हे ग्रेव्हयार्डमधून हातात घेता येतं, तिथे एक झोंबी, मग दोन मानांत खेळून तीन लँड ग्रेव्हयार्डमधून हातात, तिथे दुसरा. पुढच्या फेरीला पुन्हा तेच.

दुसरा मुद्दा लँडचा, आणि यावर मला खरंच राग आहे. ‘लँड परत येतातच, मग कमी ठेवा.’ परत कधी येतात? टेव्हलने हल्ला केल्यावर. टेव्हल चार मानांचा, त्यातल्या तीन माना तीन वेगळ्या रंगांच्या. तो आला त्या फेरीत हल्ला करू शकत नाही, पुढच्या फेरीला करतो. म्हणजे पहिल्या चार-पाच फेऱ्या तुम्हाला हातात आलेल्या लँडवरच काढायच्या आहेत.

आकडे सोपे आहेत. कमांडर बाजूला ठेवला तर गड्डीत ९९ पानं. चौघांच्या खेळात पहिला खेळणाराही पान ओढतो, त्यामुळे चौथ्या फेरीपर्यंत प्रत्येकाने अकरा पानं पाहिलेली असतात. ३७ लँड असतील तर त्यांत सरासरी ४.१ लँड येतात. ३२ असतील तर ३.६. चार मानांच्या कमांडरसाठी हा अर्धा आकडा म्हणजे वेळेवर येणं आणि ताटकळणं यांतला फरक आहे. त्याहून गंमत पुढे. टेव्हलच्या हल्ल्याने तीन पानं मिल झाली, त्यात निदान एक लँड असण्याची शक्यता ३७ लँड असताना ७६ टक्के, ३२ असताना ६९ टक्के. मिल झालेली लँड लगेच मैदानात येते आणि ग्रेव्हयार्ड सोडते, म्हणजे झोंबीसुद्धा येतो. या डेकमध्ये लँड हेच खाद्य आहे. ती कमी करून डेक बळकट होतो हे गणित मला कुठल्याच बाजूने जुळवता आलेलं नाही.

त्या रविवारी भाच्याने पाच लँड काढलेल्या होत्या. आठव्या फेरीला त्याच्यासमोर तीन लँड, निळी एकही नाही, आणि टेव्हल कमांड झोनमध्ये (कमांडरच्या डेकबाहेरच्या जागेत) बसून.

आणि कुठल्या लँड? इव्हॉल्व्हिंग वाइल्ड्स. टेरामॉर्फिक एक्सपान्स. प्रत्येक डब्यात तळाला पडलेली, लोक फुकट देऊन टाकतात अशी. ही टॅप करून सॅक्रिफाइस केली, म्हणजे फोडून ग्रेव्हयार्डमध्ये टाकली, की गड्डीतून एक बेसिक लँड येते, टॅप होऊन. इतर डेकमध्ये हे एकदाच घडतं. इथे काय होतं पाहा: फेरीच्या सुरुवातीला वाइल्ड्स फोडली, बेसिक आली, वाइल्ड्स ग्रेव्हयार्डमध्ये. टेव्हलने हल्ला केला, वाइल्ड्स परत मैदानात, एक झोंबी. पुढच्या फेरीला ती अनटॅप होते, पुन्हा फोडा. त्या एका फुकटच्या पानावर दर फेरीला एक बेसिक आणि एक झोंबी, शिवाय हातातली लँड वेगळी. रंगांची अडचणही सुटते. मेसेजमध्ये या दोन पानांचं नावसुद्धा नाही, कारण ती महाग नाहीत.

एक गोष्ट मान्य करते. तयार डेकमध्ये टॅप होऊन येणाऱ्या लँड जास्त असतात आणि त्यामुळे सुरुवात संथ होते, हे खरं आहे. त्यातल्या तीन-चार काढून बेसिक घाला. संख्या तीच ठेवा.

राक्षसांवर फार लिहीत नाही. आठ-नऊ मानांचं पान ग्रेव्हयार्डमध्ये पडलं तर छान, हातात आलं तर दगड. दोन-तीन ठेवा, पंधरा नकोत. रिअ‍ॅनिमेट एका मानात कुणाच्याही ग्रेव्हयार्डमधला प्राणी तुमच्या बाजूला आणतं, त्याच्या मानाइतकं लाइफ जातं. कुणाच्याही, हे लक्षात घ्या. टेबलावर आणखी तिघं बसलेत, त्यांचे मोठे प्राणी मरणारच आहेत. मात्र दुसऱ्याच्या ग्रेव्हयार्डमधून उचललंत तर टेव्हल झोंबी देत नाही, तो फक्त तुमचं ग्रेव्हयार्ड मोजतो.

बोजुका बॉगची भीती सगळ्यात जास्त पसरलेली आहे, तेव्हा तिच्याकडे येते. बॉग ही लँड आहे, टॅप होऊन येते, आणि येताना एका खेळाडूचं अख्खं ग्रेव्हयार्ड एक्झाइल करते, म्हणजे खेळाबाहेर काढते. लागते जोरात, नाही कोण म्हणतंय. पण एकदाच. त्यातही टेव्हल मैदानात असेल तर तुमची कार्डं ग्रेव्हयार्डमधून बाहेर पडलीच, तेव्हा एक झोंबी मिळतोच. टॉरमॉड्स क्रिप्टचंही तसंच. ज्याने बावीस पानं साठवून ठेवली त्याचं बॉगने सगळं जातं. जो दर फेरीला उचलतोय त्याच्या ढिगात चार-सहा पानं असतात, त्याचं काय जाणार? बॉग पडल्यावरही प्रतिसादाची संधी असते, हातात इन्स्टंट (कधीही खेळता येणारं पान) असेल तर कामाचं पान आधी उचलून घ्या. साठेबाजी टाळली की ही भीती निम्मी उतरते.

खरी भीती वेगळ्याच पानांची बाळगायला हवी आणि मेसेजमध्ये त्यांचं नाव नाही. रेस्ट इन पीस. लेलाइन ऑफ द व्हॉइड. ही एन्चांटमेंट्स मैदानात बसून राहतात, आणि ती असेपर्यंत तुमची पानं ग्रेव्हयार्डमध्ये जातच नाहीत, थेट एक्झाइल होतात. इथे डेक खरंच गुदमरतो. ती फोडणारी पानं मात्र महाग नाहीत: नेचर्स क्लेम एका हिरव्या मानाचं, रेक्लमेशन सेज तीन मानांचा. अशी चार-पाच पानं डेकमध्ये हवीतच, आणि त्यातलं एक हातात आलं तर ते दुसऱ्या कशावर उधळू नका. मी एकदा सेज कुणाच्या तरी माना देणाऱ्या सोल रिंगवर खर्च केला, पुढच्याच फेरीला रेस्ट इन पीस पडलं आणि उरलेला तासभर मी नुसती बघत बसले.

राहिला पैशाचा मुद्दा. डेमॉनिक ट्यूटर आणि र्‍हिस्टिक स्टडी जबरदस्त कार्डं आहेत, यात वाद नाही. म्हणूनच फेब्रुवारी २०२५ मध्ये कमांडरसाठी पाच पातळ्यांची पद्धत आली तेव्हा दोन्ही ‘गेम चेंजर’च्या यादीत गेली. पहिल्या दोन पातळ्यांत अशी कार्डं चालत नाहीत, तिसरीत जास्तीत जास्त तीन. तयार डेक तेव्हा दुसऱ्या पातळीचे धरले गेले. आता आमच्या टेबलाकडे बघा. चौघांपैकी तिघांकडे डब्यातून काढलेला डेक, दहा-बारा पानं बदललेली. तिथे एकट्याने ही दोन पानं आणली तर तो जिंकेल, आणि तिसऱ्या रविवारी बाकीचे वेगवेगळी कारणं सांगून यायचे बंद होतील. पुण्या-मुंबईत दुसरं टेबल मिळत असेल, इथे हे एकच आहे.

शिवाय महाग पान टिकेलच याची खात्री नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये माना क्रिप्ट आणि ज्वेल्ड लोटस एका दिवसात कमांडरमधून बाद झाली. ज्यांनी पैसे साठवून ती घेतली होती, त्यांना त्या संध्याकाळी काय वाटलं असेल ते मी समजू शकते.

पान विकत घेण्याआधी मी एक करते आणि भाच्यालाही तेच करायला लावलं. हवं असलेल्या कार्डाचं नाव आणि मजकूर चिठ्ठीवर लिहायचा, ती चिठ्ठी बेसिक लँडच्या पुढे स्लीव्हमध्ये सरकवायची, टेबलावर बाकीच्यांना सांगायचं, आणि चार रविवार खेळायचं. चार रविवारांत ते पान हातात आल्यावर आनंद झाला का, एवढंच बघायचं. झाला तर घ्या. आणि फॉइल (चकचकीत छपाईचं पान) घेऊ नका, आपल्याकडच्या पावसाळ्यात फॉइल पान पापडासारखं वाकतं, मग पिसताना बरोबर ओळखू येतं.

भाच्याने अकरा चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. पाच लँड परत आत आल्या, त्यांत दोन्ही फोडायच्या. राक्षसांपैकी तीन राहिले. चार रविवारांनंतर अकरापैकी सात चिठ्ठ्यांची खरी कार्डं मागवली, आम्ही दोघांनी एकत्र ऑर्डर केली म्हणजे कुरिअरचे पैसे वाटले गेले. चार चिठ्ठ्या फाडल्या. त्यातली एक मीच सुचवली होती.

गेल्या रविवारी सातव्या फेरीला माझ्या बॉगने त्याचं ग्रेव्हयार्ड साफ झालं. त्याने एक झोंबी टोकन ठेवलं, हातातून वाइल्ड्स काढली आणि म्हणाला, “झालं? आता माझी फेरी.”