सहा तासाला दहा मिनिटं कमी

विमान लेट झालं याचा मला राग नाही, खरंच. पावसाळ्यात मुंबईहून नागपूरला निघायचं म्हणजे थोडंफार चालायचंच. राग आहे तो उशीर हप्त्याहप्त्यानं सांगण्याचा. एकदाच सांगा ना बापा की रात्रीचे दोन वाजतील, माणूस बाहेर पडून सीएसएमटी गाठेल, सव्वाबाराची दुरांतो पकडेल, तिकीट नसलं तर टीसीच्या मागंमागं फिरेल, पण काहीतरी करेल. तसं नाही. आधी पंचवीस मिनिटं, मग चाळीस, मग परत पंचवीस, आणि दरवेळी ती पोरगी माइकवर इतकी गोड दिलगिरी व्यक्त करणार की आपल्यालाच वाटावं जाऊ दे, बिचारी.

फ्लाइट 8:10 ची. साडेसातपर्यंत गेटवरचा बोर्ड ‘ऑन टाइम’ दाखवून राहिला होता. माझ्या बाजूला एक पोट्टा बसला होता, त्याच्या मोबाइलवर ते विमानं दाखवणारं ॲप, तो म्हणे, "दादा, आपलं विमान तर अजून लखनौलाच उभं आहे." आता लखनौला उभं असलेलं विमान चाळीस मिनिटांत मुंबईहून कसं उडणार हे बोर्डाला विचारायची सोय नाही. भानगड अशी की एकच विमान दिवसभर या गावाहून त्या गावाला फेऱ्या मारत असतं, सकाळी कुठंतरी अर्धा तास गेला की तो फेरीगणिक वाढत जातो आणि रात्रीच्या फ्लाइटच्या बोकांडी बसतो. आणि आमची फ्लाइट नेमकी रात्रीची.

मग नागपूरच्या प्रतापनगरचे एक काका मैदानात उतरले. रिटायर्ड माणूस, शर्टाच्या खिशात दोन पेन, मोबाइलमध्ये डीजीसीएचे, म्हणजे विमानांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचे, सगळे नियम डाउनलोड केलेले. काउंटरवर जाऊन म्हणाले, "मॅडम, दोन तासांच्या वर उशीर आहे, खायला काय देता?" तिनं सरांना फोन केला, सरांनी अजून कोणत्यातरी सरांना केला, आणि अर्ध्या तासानं खोकी आली. खोक्यात थंडगार सँडविच, काकडीचे पारदर्शक काप, चटणी हिरवी होती एवढंच, सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, काडी नाही तिच्यात. सोबत लहान मुलांना देतात तेवढा ज्यूस. तरी लाइन अशी लागली की जसं काही कोणी जन्मात सँडविच पाहिलंच नाही. मीही होतो लाइनीत.

खाऊन झाल्यावर काकांनी पुढचा नियम काढला. रात्री 8 ते पहाटे 3 मधली फ्लाइट असेल आणि उशीर सहा तासांच्या वर गेला तर हॉटेल द्यावं लागतं, फुकट. हे ऐकलं आणि गेटवरची हवाच बदलली राजेहो. तोवर जे लोक उशीर झाला म्हणून भांडून राहिले होते ते आता अजून उशीर व्हावा म्हणून देव पाण्यात ठेवून बसले. 8:10 अधिक सहा म्हणजे 2:10. एक काकू तर विचारू लागल्या की हॉटेलात सकाळचा नाश्ता धरून असतो का. बारा वाजता परत पंचवीस मिनिटांची अनाउन्समेंट झाली तर मागच्या रांगेत टाळी पडली.

तेवढ्यात काका जुन्या गोष्टींत शिरले. 1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास असं चारी दिशांनी विमान मध्यरात्री नागपूरला यायचं, सोनेगावला, म्हणजे आपल्या नागपूरच्या विमानतळावर, टपालाच्या थैल्या अदलाबदल व्हायच्या आणि उजाडायच्या आत ज्याचं विमान त्याच्या गावाला परत. म्हणजे पोस्टकार्डाला रात्री नागपूर गाठणं जमत होतं. आणि आजही वरून जाणाऱ्या विमानात कोणाला हार्ट अटॅक आला की पायलट बरेचदा नागपुरातच उतरवतो, देशाच्या मधोमध आहोत ना. ज्यांना नागपूरला यायचंच नाही त्यांना थेट आणून सोडतात, आणि ज्यांनी तिकीट काढलं ते इथं चार्जिंगच्या प्लगवरून भांडून राहिले.

दीड वाजता विमान आलं. बोर्डिंग इतक्या झपाट्यानं केलं की विचारू नका, एरवी झोन एक, झोन दोन करत बसणारे लोक आम्हाला अक्षरशः आत ढकलत होते. बरोब्बर दोन वाजता विमान हललं. काकांनी घड्याळ पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "दहा मिनिटांनी वाचले साले."

नागपूरला उतरलो तेव्हा साडेतीन होऊन राहिले होते. मेट्रो बंद. बेल्टवर बॅगा यायची वाट पाहत काकांनी मुलाला फोन लावला, स्पीकरवर, म्हणजे सगळ्या बेल्टनं ऐकलं.

"अबे कुठं आहेस? आलो आम्ही."

"आले? कसे आले? इथं कंपनीच्या ॲपवर तर अजून डिले दाखवून राहिलं."

"अबे मी उभा आहे इथं सोनेगावला!"

"थांबा ना बाबा, पंचवीस मिनिटं दाखवते. झोपतो तेवढं."