ब्रँड अमेरिकन, गिटार इंडोनेशियात बनलेली: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. तुमचा अभिप्राय नीट वाचला. मुख्य तक्रारी तीन आहेत. हेडस्टॉकवर (गिटारच्या वरच्या टोकावर) अमेरिकन ब्रँड आणि मागे ‘मेड इन इंडोनेशिया’, म्हणजे माल नकली. त्याच कारखान्यात निम्म्या किमतीच्या गिटारीही बनतात, मग जादा पैसे कशाचे? आणि फ्रेटची (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं हाताला लागतात.

गिटार अस्सल आहे. ब्रँडच्या परवानगीशिवाय बनते ती नकली. ही करारावर बनवून घेतलेली आहे, आणि ही पद्धत जुनी आहे. फेंडर या अमेरिकन कंपनीच्या १९८२ च्या जपानी स्क्वायर (फेंडरचाच स्वस्त ब्रँड) गिटारी मात्सुमोतोच्या फुजीजेन कारखान्यात बनल्या. पीआरएस या अमेरिकन कंपनीची तुलनेने स्वस्त एसई मालिका आधी कोरियात वर्ल्ड म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्सकडे बनत होती, नंतर ते काम इंडोनेशियात कॉर-टेककडे गेलं. यात लपवाछपवी नसते. कित्येक स्क्वायरचा सिरियल नंबर ‘आयसीएस’ने सुरू होतो: इंडोनेशिया, कॉर-टेक, स्क्वायर.

दुसरा प्रश्न रास्त आहे. कारखाना एक असला तरी प्रत्येक ब्रँड आपलं स्पेसिफिकेशन आणि ठरलेली किंमत घेऊन येतो, आणि गिटार त्यानुसार बनते. बॉडी आणि नेक (दांडा) संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवरच कापले जातात, त्यामुळे आकारात फारसा फरक दिसत नाही. फरक बाकीच्या गोष्टींत असतो. बॉडी दोन-तीन तुकड्यांची की पाच-सहा (गडद रंगाखाली हे कळतही नाही), ट्रेमोलोचा (सूर हलवणाऱ्या दांडीच्या यंत्रणेचा) ब्लॉक पोलादाचा की पातळ जस्ताचा, नट (वरच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) हाडाचा की पोकळ प्लास्टिकचा, पॉट (आवाज-टोनच्या बटणांखालचे भाग) मोठे की छोटे. पण आमच्या मते सगळ्यात मोठा फरक फ्रेटवर दिलेल्या वेळाचा. फ्रेट ठोकणं झटपट होतं. सगळे एका पातळीत घासणं, पुन्हा गोलाई देणं, टोकं मऊ करणं, पॉलिश करणं हे हाताचं काम आहे आणि किंमत कमी करायची झाली की कात्री आधी इथेच लागते. तपासणीत किती गिटारी बाजूला काढायच्या, तेही करारातच ठरतं. म्हणून ‘कुठे बनली’ यापेक्षा ‘कोणत्या स्पेसिफिकेशनवर बनली’ हे विचारावं.

आता टोकांबद्दल. लाकूड साधारण ६ ते ८ टक्के ओलाव्यापर्यंत सुकवून मगच कापतात. पुढे गिटार कंटेनरमधून कित्येक आठवडे प्रवास करते आणि शेवटी एखाद्या कोरड्या किंवा एसीच्या खोलीत टांगली जाते. तिथे फिंगरबोर्ड (नेकवरची, फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी) आडव्या दिशेने किंचित आकसतो. फ्रेटची धातूची तार आकसत नाही, म्हणून तिची टोकं बाहेर डोकावतात. अमेरिकेत बनलेल्या महाग गिटारींनाही हे होतं. मात्र ज्या फिंगरबोर्डला बाइंडिंग (कडेची पातळ पट्टी) असतं किंवा ज्याच्या फ्रेटची लाकडात रुतणारी खालची जीभ टोकाला आधीच छाटलेली असते, तिथे त्रास बराच कमी जाणवतो.

पहिल्या फ्रेटवर तार दाबायला जड जाते, असंही तुम्ही लिहिलंय. नटच्या खाचा कारखान्यात मुद्दाम थोड्या उंच ठेवतात, कारण उंच खाच खोल करता येते, पण जास्त खोल गेली की नटच बदलावा लागतो. घरी तपासा: तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवरची फट बघा. कागदाएवढी असेल तर ठीक. स्पष्ट दिसत असेल तर खाच घासायला हवी.

गिटार घेऊन या. टोकं, नट आणि सेटअप, तिन्ही विनामूल्य करून देऊ. नेकचा बाक सातव्या-आठव्या फ्रेटपाशी ०.२ ते ०.२५ मिमी ठेवू. बाराव्या फ्रेटवर तारांची उंची बारीक ई तारेला १.६ आणि जाड ई तारेला २ मिमीच्या आसपास, तुमच्या वाजवण्याप्रमाणे थोडी कमी-जास्त. फक्त येण्याआधी दोन आठवडे गिटार केसमध्ये ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत ठेवा. लाकूड थोडं फुगलं की काही टोकं आपोआप आत जातात, आणि जी उरतील तेवढीच घासावी लागतात.