‘टायमिंग चेन इंजिनाइतकीच जगते’ : हा सल्ला इंजिन मोडीत काढू शकतो

टायमिंग चेन म्हणजे इंजिनाचा क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना ठरलेल्या मेळात फिरवणारी साखळी; काही इंजिनांत त्याच कामाला बेल्ट असतो. तिच्याबद्दलचा एक मजकूर सध्या गाडीवाल्यांमध्ये सारखा फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : बेल्ट बदलावा लागतो, चेन मात्र इंजिनाइतकीच जगते; सकाळी स्टार्ट करताना खडखड आली तर जाड ऑइल टाकावं; चेक इंजिनचा दिवा लागला तर सेन्सर बदलावा; आणि चेन बदलायचीच झाली तर नुसती चेन बदलावी, टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) आणि गाइड (चेन ज्यांवरून सरकते त्या पट्ट्या) गळ्यात मारणं हा गॅरेजचा धंदा आहे. चारही सल्ले खिशाला सोयीचे वाटतात. पण पहिले तीन सल्ले बिघाड झाकून ठेवतात आणि चौथा तो अर्धवट दुरुस्त करतो.

आधी आयुष्याबद्दल. चेन सहसा तटकन तुटत नाही, इतकं खरं आहे. पण ती झिजते. प्रत्येक जोडातली पिन आणि तिच्याभोवतीचं छिद्र एकमेकांवर घासून किंचित मोकळं होतं. एका जोडात ०.०२ मिमी झीज धरा. १२० जोडांच्या चेनमध्ये ती २.४ मिमी होते. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा व्हायला हवा, तोही ठरलेल्या अंशावर. चेन लांबली की कॅम मागे पडतो, व्हॉल्व्ह उशिरा उघडतात, ओढ कमी होते. ही झीज सर्वांत जास्त वाढवतं ते काजळीने भरलेलं जुनं ऑइल. म्हणून डिझेल आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या (इंधन थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या) पेट्रोल इंजिनांत ऑइल बदलायला केलेली दिरंगाई थेट चेनवर निघते. सर्व्हिसच्या तक्त्यात चेन बदलण्याचा किलोमीटरचा आकडा नसतो, एवढ्यावरून ती अमर ठरत नाही. बीएमडब्ल्यूच्या एन४७ डिझेल इंजिनाची चेन वेळेआधी झिजण्यासाठी ओळखली जाते, आणि ती बसवलेली आहे मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे. फोक्सवॅगनच्या १.४ टीएसआय इंजिनाच्या ईए१११ पिढीत चेन होती. २०१२ मध्ये आलेल्या ईए२११ पिढीत कंपनीने बेल्ट घेतला. चेन नेहमीच सरस असती, तर हे घडलं नसतं.

जाड ऑइलचा सल्ला मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण तो दुखण्याच्या नेमका उलट आहे. बहुतेक टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतात. रात्रभर गाडी उभी राहिली की टेन्शनरमधलं ऑइल थोडं निथळतं, आणि स्टार्ट केल्यावर दाब पोहोचेपर्यंत सैल चेन गाइडवर आपटते. दोन-तीन सेकंदांची ती खडखड म्हणजे हेच. थंड इंजिनात जाड ऑइल टेन्शनरपर्यंत आणखी उशिरा पोहोचतं, म्हणजे आपटणं लांबतं. शिवाय ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० अशा पातळ ऑइलवर बेतलेल्या व्हीव्हीटीच्या (व्हॉल्व्हची वेळ मागेपुढे करणाऱ्या यंत्रणेच्या) बारीक वाटांमधून ते हवं तसं फिरत नाही. आवाज आला की आधी डिपस्टिक काढून पातळी बघा, मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच ऑइल आहे का ते बघा. फिल्टरही बघा. ऑइल मागे परतू न देणारा त्यातला व्हॉल्व्ह निकामी असेल तर अगदी असाच आवाज येतो आणि दुरुस्ती फिल्टर बदलण्यावरच संपते. व्हीव्हीटी फेजरची (कॅमचा कोन बदलणाऱ्या भागाची) लॉक पिन झिजली तरी स्टार्टला खडखड होते, त्यामुळे नुसत्या कानावर निदान करू नये. इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगलाही चेनच्या बाजूने घासल्याचा आवाज येत राहिला, तर मात्र गाइड संपल्याचा संशय घ्या आणि गाडी चालवणं थांबवा.

आता सेन्सर. चेक इंजिनचा दिवा लागल्यावर स्कॅनरवर दिसणारा पी००१६ हा कोड सांगतो की क्रँक आणि कॅम यांच्या खुणा एकमेकांशी जुळत नाहीत. ही तुलना करायला इसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) दोन्ही सेन्सरचे सिग्नल मिळावे लागतात. सिग्नलच बंद पडला तर साधारणपणे पी०३३५ किंवा पी०३४० यांसारखे कोड येतात. म्हणून पी००१६ दिसल्याबरोबर सेन्सर बदलणं म्हणजे बहुतेक वेळा पैसे वाया. फेजरला ऑइल सोडणाऱ्या ऑइल कंट्रोल व्हॉल्व्हची जाळी तुंबली किंवा फेजर अडकला तरी हा कोड येतो, ते आधी तपासावं. मग ऑसिलोस्कोप (सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावून दोन्ही सेन्सरच्या लहरी एकाखाली एक घ्याव्यात आणि त्याच इंजिनाच्या चांगल्या नमुन्याशी ताडून पाहाव्यात. बऱ्याच इंजिनांत क्रँकच्या सेन्सर-चाकावर ६० दातांची जागा असते, त्यातले दोन मुद्दाम गाळलेले. म्हणजे पडद्यावरचा एक दात म्हणजे ६ अंश. क्रँकच्या स्प्रॉकेटला (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाला) २० दात असतील आणि चेन एक दात सुटली असेल, तर १८ अंशांचा फरक पडतो. कॅमची खूण पडद्यावर सरळ तीन दात सरकलेली दिसते. नुसती झीज असेल तर सरकणं त्याहून बरंच कमी असतं. टायमिंग कव्हर न उघडता इतकं कळतं.

नुसती चेन बदलण्याबद्दल फार लिहायची गरज नाही. सायकलच्या झिजलेल्या गरारीवर नवी चेन घातली की काय होतं, ते अनेकांनी पाहिलं असेल. स्प्रॉकेटचे दात जुन्या, लांबलेल्या चेनप्रमाणे झिजलेले असतात. गाइडचं प्लास्टिक तडकलेलं असेल तर त्याचे तुकडे ऑइल पॅनमध्ये पडून पंपाची जाळी तुंबवतात, म्हणून पॅनही उतरवून बघावं लागतं. खर्चाचा मोठा भाग उघडण्या-जोडण्याच्या मजुरीचा असतो. टेन्शनर वाचवून फार काही वाचत नाही.

त्या मजकुरामागची एक तक्रार मात्र रास्त आहे. मोजमाप न करता ‘चेन गेली’ असं सांगणारे लोक आहेत. अशा वेळी पुरावा मागा. टेन्शनर किती बाहेर आला आहे, त्याला मागे सरकू न देणाऱ्या रॅचेटचे किती दात उघडे पडले आहेत, हे अनेक इंजिनांत बघता येतं आणि कंपनीच्या मर्यादेशी पडताळता येतं.

काम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. काही इंजिनांत क्रँकच्या स्प्रॉकेटला चावी (त्याला दांड्यावर जागेवर अडवणारा धातूचा तुकडा) नसते, तो फक्त बोल्टच्या दाबावर धरलेला असतो. क्रँक आणि कॅम जागेवर अडकवणारं लॉकिंग टूल न लावता तो बोल्ट सैल केला की टायमिंग हातचं गेलं. आणि सगळं बसवल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा बघा. चेनच्या खुणेसाठीच्या रंगीत कड्या तेव्हा जुळणार नाहीत, त्या बऱ्याच फेऱ्यांनंतरच परत जागेवर येतात. बघायच्या त्या स्प्रॉकेटवरच्या खुणा किंवा टूल बसतं की नाही ते. फिरवताना कुठे अडलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकलेला असू शकतो. चेन सुटून इंजिन बंद पडलं असेल, तर नवं सामान मागवण्याआधीच टायमिंग जुळवून प्रत्येक सिलिंडरची लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती गळते ते बघणं) घ्या. व्हॉल्व्ह वाकलेले निघाले तर हेड (व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग) उतरवावंच लागणार आहे, आणि तो खर्च मालकाला आधी कळायला हवा.