‘जे खचले ते गेले’ हे खोटं आहे

जून लागला की नाशिकमधल्या बहुतेक ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. जूनचा पहिला रविवार हा कॅन्सरमधून बाहेर आलेल्यांचा दिवस. १९८८ साली अमेरिकेत तो सुरू झाला आणि आता आपल्याकडेही त्या सुमारास सत्कार होतात, फुलं दिली जातात, फोटो निघतात. त्या फोटोंच्या मागोमाग हा मेसेज येतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं : ‘कॅन्सर आधी मनात होतो, मग शरीरात. मन खंबीर असेल तर कॅन्सर हरतो, औषध निमित्तमात्र. म्हणून रडू नका, वाईट बोलू नका, घरच्यांनीही हसतमुख राहावं. जे लढले ते जिंकले, जे खचले ते गेले.’

पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. मलाही तो जिव्हाळ्याच्या माणसांकडूनच येतो. पण हा सत्काराचा दिवस मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि हा मेसेज त्या दिवसाचं मोल कमी करतो. म्हणून त्यातलं एकेक वाक्य घेते.

‘कॅन्सर आधी मनात होतो.’ स्वीडन आणि फिनलंडमध्ये सुमारे ६० हजार लोकांच्या स्वभावाची नोंद करून पुढे कितीतरी वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. कोण चिंता करणारा, कोण मोकळा, कोणाला कॅन्सर झाला, झाल्यावर कोण किती जगला, हे सगळं ताडून पाहिलं. २०१० साली निष्कर्ष आला : स्वभावाचा ना कॅन्सर होण्याशी संबंध दिसला, ना त्यातून वाचण्याशी. तंबाखू, मिश्री, गुटखा, दारू, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमागचा एचपीव्ही विषाणू, वाढतं वय, काही घराण्यांत उतरणारे जनुकांतले दोष, ही कारणं माहीत आहेत. आणि कित्येकदा कुणाची काही चूक नसते. तरीही छातीत गाठ सापडलेल्या बाईला भेटायला आलेलं माणूस विचारतंच, ‘एवढं कसलं टेन्शन घेतलंस गं?’ त्या प्रश्नानंतर ती रात्रभर आपल्या संसारात चूक शोधत बसते.

‘मन खंबीर असेल तर कॅन्सर हरतो, औषध निमित्तमात्र.’ इथे मला लहान मुलांबद्दल बोलायचं आहे, कारण हे वाक्य त्यांच्यापुढे टिकतच नाही. १९४७ सालापर्यंत रक्ताचा तीव्र कॅन्सर झालेलं मूल काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जायचं. त्या वर्षाच्या अखेरीस बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर या डॉक्टरांनी अशा मुलांना अमिनोप्टेरिन नावाचं औषध द्यायला सुरुवात केली आणि काही मुलांचा आजार पहिल्यांदाच मागे हटला, जरी थोड्या काळासाठी. ते औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झालं तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. त्याच कुळातलं मेथोट्रेक्सेट आजही आपल्या वॉर्डांत मुलांना दिलं जातं. पुढे औषधांची जोड लागत गेली, कोणतं औषध कधी आणि किती, हे ठरत गेलं, आणि आज श्रीमंत देशांत या आजाराच्या मुलांत सर्वाधिक दिसणाऱ्या प्रकारातली दहापैकी नऊ मुलं बरी होतात. आपल्याकडे हे प्रमाण कमी आहे आणि त्याचं एक मोठं कारण उपचार अर्धवट सुटणं हे आहे. दोन-अडीच वर्षं चालणारे उपचार, हातावरचं पोट, लांबचं गाव.

१९४७ च्या चार वर्षांच्या मुलात आणि आजच्या चार वर्षांच्या मुलात जिद्दीचा फरक नाही. सलाईनची सुई पाहून दोघंही सारखंच रडणार. बदललं ते औषध, आणि ते औषध शेवटपर्यंत मिळवून देणारी माणसं.

मोठ्यांचंही तेच. तोंड आणि घशाचे कॅन्सर आपल्याकडच्या पुरुषांत फार. अशाच १,०९३ पेशंटांची मनःस्थिती नोंदवून त्यांच्या जगण्याशी ताडून पाहिलेला अमेरिकी अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. आनंदी, आशावादी पेशंट जास्त जगले असं त्यात दिसलं नाही. मन उभारीत असेल तर दिवस बरे जातात, जेवण जातं, झोप लागते, ही काही लहान गोष्ट नाही. पण गाठ किती पसरली आहे, कोणत्या जातीची आहे, औषधाला दाद देते का, हे मनाच्या हातात नसतं.

‘रडू नका, वाईट बोलू नका.’ मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. केमोनंतर आठवड्या-दीड आठवड्यात रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी खाली जातात. तेव्हा १००.४ फॅरेनहाइटच्या वर ताप गेला तर ती तातडीची वेळ असते. त्याच रात्री दवाखाना गाठायचा असतो, सकाळची वाट पाहायची नसते. घरच्यांना त्रास नको, आपण खचलो असं वाटायला नको, म्हणून ताप अंगावर काढणारी माणसं मी पाहिली आहेत. तोंड येऊन पाणीही गिळता येत नसताना ‘मी ठीक आहे’ म्हणणारी पाहिली आहेत. न्यूयॉर्कमध्ये केमो चालू असलेल्या ७६६ पेशंटांवर एक अभ्यास झाला. काहींनी आपला त्रास कॉम्प्युटरवर नियमित कळवायचा आणि तो वाढला की नर्सला लगेच सूचना जायची. बाकीच्यांची नेहमीची देखभाल. २०१७ साली जाहीर झालेले आकडे असे : त्रास कळवणाऱ्या गटात जगण्याचा मध्यक काळ (निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो) ३१.२ महिने, दुसऱ्या गटात २६. म्हणजे ‘दुखतंय’ म्हणणं आणि ते ऐकणारं कुणी असणं, यानं आयुष्य वाढलं.

‘जे लढले ते जिंकले.’ म्हणजे जिंकणारा एकटाच. सत्काराच्या फोटोतही तेच दिसतं : शाल एकाच्या खांद्यावर, सोबत आलेलं माणूस खाली खुर्चीत पर्स आणि पाण्याची बाटली सांभाळत. त्या खुर्चीतल्या माणसाबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे.

शेक, म्हणजे रेडिएशन, नाशकात मिळत असले तरी सुरगाण्याहून, पेठहून येणाऱ्याला आठवड्यातून पाच दिवस, पाच-सहा आठवडे इथे राहावं लागतं. सोबत कुणीतरी राहतं आणि तेवढे दिवस त्याची मजुरी बुडते. दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागाइतदाराची ऑक्टोबर छाटणी आणि केमोची तारीख एका आठवड्यात आली तर वर्षाचं पीक आणि बायकोचा उपचार समोरासमोर उभे राहतात. अशा वेळी भाऊबंद, शेजारी मजूर लावून बाग छाटून घेतात, तेव्हा ती केमो वेळेवर होते. मुंबईला टाटात जायचं तर नाशिकरोडहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस, हातात फायलींची पिशवी, संध्याकाळी त्याच गाडीने परत. एका दिवसात काम झालं नाही तर मुक्काम, आणि तिथे दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कितीतरी कुटुंबांना आधार देत आली आहे. आपल्या गोदाकाठी ज्यांच्या नावाची धर्मशाळा आहे, त्याच बाबांच्या नावाने. मग प्लेटलेट देणारे. प्लेटलेट साधारण पाच दिवसच टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत. गरज पडेल तेव्हा कुणीतरी तास-दीड तास हात पसरून बसावंच लागतं, आणि बसतात, कधीकधी पेशंटचं नावही माहीत नसताना.

या सोबतीचं मोल आकड्यांतही दिसतं. अमेरिकेत ७ लाखांहून जास्त कॅन्सर पेशंटांच्या नोंदी तपासल्या गेल्या, २०१३ साली. लग्न झालेल्यांचा आजार तुलनेने लवकर सापडला होता, त्यांना पूर्ण उपचार मिळण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि मृत्यूचा धोका सुमारे २० टक्के कमी होता. अशा नोंदींवरून कारण ठामपणे सिद्ध होत नाही, आणि ही किमया लग्नाची आहे असंही मी म्हणणार नाही. ‘उद्या दाखवायला जाऊच’ म्हणणारं माणूस घरात असण्याची आहे, असं माझं मत. ते माणूस बहीण, मुलगा, शेजारीण, कुणीही असू शकतं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे उपचार संपलेल्या ८८९ जणांवरचा अभ्यास २०२५ साली आला. एका गटाला व्यायाम-आहाराची माहिती छापून दिली. दुसऱ्या गटाला त्यासोबत तीन वर्षं मार्गदर्शक दिला, त्याने व्यायाम करून घेतला. आठ वर्षांनी पहिल्या गटातले ८३.२ टक्के हयात होते, दुसऱ्यातले ९०.३ टक्के. व्यायाम करा हे दोघांनाही सांगितलेलं होतं. फरक पडला तो पाठीशी माणूस असल्याने. गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर उपचार संपलेल्या मैत्रिणीला रोज हाताला धरून नेणाऱ्या बायका काय करत आहेत, ते यावरून कळावं.

एक प्रामाणिकपणे सांगायला हवं. पेशंटांनी एकत्र बसून मन मोकळं करायच्या आधारगटात बसल्याने आयुष्य वाढतं, अशी आशा १९८९ च्या एका छोट्या अभ्यासाने दाखवली होती. २००१ साली २३५ स्त्रियांवर ती पुन्हा तपासली तेव्हा आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. पण त्या स्त्रियांचं दुःख कमी झालं, वेदना कमी जाणवल्या. मला वाटतं, आधारगटांनी एवढंच वचन द्यावं. ते पुष्कळ आहे.

आता शेवटचं. ‘जे खचले ते गेले.’

माझी धाकटी जाऊ गेली. तिच्याइतकी न खचणारी बाई मी पाहिली नाही. एकही केमो तिने चुकवली नाही, केस गेले तेव्हा दोन रंगीत रुमाल आणून एक मला दिला, मुलाचा दहावीचा अभ्यास दवाखान्याच्या खाटेवरून घेतला. आजार परत आला, यकृतात पसरला, आणि असलेली औषधं पुरी पडली नाहीत. दिवस होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा तिच्या मुलाच्या मोबाइलवर हा मेसेज आला. त्याने मला विचारलं, ‘काकू, आई लढली नाही का?’

त्याला मी जे सांगितलं तेच इथे लिहिते. आई लढली, आणि रडलीही, आणि दोन्ही तिचा हक्क होता. जे वाचले त्यांच्यात तिच्यापेक्षा काही जास्त नव्हतं; त्यांचा आजार लवकर सापडला किंवा औषधाला दाद देणारा निघाला.

म्हणून यंदा सत्काराचा कार्यक्रम करणाऱ्यांकडे माझी मागणी आहे. सोबतच्या माणसालाही वर बोलवा आणि शाल दोघांना द्या. ज्यांचा आजार परत आला आहे, ज्यांची केमो अजून चालू आहे, त्यांनाही बोलवा. ज्यांचं माणूस गेलं त्या घरांनाही आमंत्रण द्या, त्यांनीही तितकंच केलं आहे. हॉलच्या दाराशी एक टेबल ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी कोणती कागदपत्रं लागतात, योजनेतल्या दवाखान्यात मदतीला असणारा आरोग्यमित्र कुठे भेटतो, रेल्वे तिकिटात पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला मिळणाऱ्या सवलतीसाठी दवाखान्याकडून कोणता दाखला घ्यायचा, हे तिथे सांगा. बाहेर मुखतपासणी ठेवली तर फारच चांगलं.

आणि मेसेज पाठवायचाच असेल, तर ओळखीत जिची केमो चालू आहे तिला एवढंच लिहा : पुढची तारीख कधी आहे, गाडी मी आणतो.