'पहिला सीझन सोडून द्या' म्हणणाऱ्यांना उत्तर

'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' ही 'एंटरप्राइझ' या अवकाशयानावरची अमेरिकी मालिका नव्याने बघायला घेणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो. पहिला सीझन सोडून द्या, थेट तिसऱ्यापासून सुरू करा. कारणंही ठरलेली असतात. पुढच्या कथेशी त्याचा काही संबंध नाही, गोष्टी टुकार आहेत, पात्रं अजून घडलेलीच नाहीत, जहाजाची सुरक्षाप्रमुख टाशा यार हिचा मृत्यू निरर्थक आहे आणि दिसायलाही सगळं स्वस्त वाटतं. १९८७-८८चे हे २६ भाग अलीकडे मी पुन्हा ओळीने पाहिले. आता हा सल्ला मला नुसता कडक वाटत नाही, नव्या प्रेक्षकाचं नुकसान करणारा वाटतो. तिसऱ्या सीझनपासून पुढे जे भाग आपण डोक्यावर घेतो, ते प्रेक्षकाला मागचं आठवतंय असं धरूनच लिहिलेले आहेत.

सगळ्यात आधी 'संबंध नाही' हा मुद्दा घेतो, कारण तोच सगळ्यात चुकीचा आहे. पहिल्याच भागात 'क्यू' हा सर्वशक्तिमान जीव मानवजातीवर खटला भरतो आणि जहाजाचा कॅप्टन पिकार्ड याला आरोपीच्या जागी उभं करतो. सात वर्षांनी, १९९४च्या शेवटच्या भागात तोच क्यू पिकार्डला सांगतो की तो खटला कधी संपलाच नव्हता. त्या भागातला पिकार्ड तीन काळांत फेकला जातो आणि त्यातला एक काळ म्हणजे पहिल्या भागातलेच दिवस. तिथे टाशा जिवंत आहे. नवा कॅप्टन विचित्र हुकूम सोडतोय आणि त्याला अजून न ओळखणारे सहकारी ते कसे मानायचे या पेचात आहेत. ज्याने ते दिवस पाहिलेच नाहीत त्याला ही सगळी उजळणी कशाची चाललीये तेच कळणार नाही.

अर्धयांत्रिक बोर्ग जमातीचंही तसंच. सीझनच्या शेवटच्या भागात रोम्युलन या शत्रू साम्राज्याच्या हद्दीलगतच्या वसाहती जमिनीतून उपटून काढल्यासारख्या नाहीशा झालेल्या आहेत. दोन्ही बाजूंना एकमेकांचा संशय आहे आणि उत्तर कोणालाच मिळत नाही. दुसऱ्या सीझनमध्ये बोर्ग पहिल्यांदा दिसतात तेव्हा तशाच खुणा पाहून जहाजावरचा यंत्रमानव अधिकारी डेटा नेमकी या वसाहतींची आठवण काढतो. म्हणजे या मालिकेचा सर्वांत भयंकर शत्रू पडद्यावर येण्याच्या वर्षभर आधी त्याची चाहूल देऊन ठेवली होती. एक धागा मात्र खरोखर वाया गेला. हे जहाज ज्या दलाचं आहे त्या स्टारफ्लीटच्या वरिष्ठांमध्ये काहीतरी शिजतंय, असं आधी एका भागात अ‍ॅडमिरल क्विन पिकार्डच्या कानावर घालतात आणि काही भागांनंतर परजीवींचं कारस्थान उघडं पडतं. ते परजीवी अवकाशात संदेश पाठवून गेले, एवढ्यावर भाग संपतो. पुढे मालिकेने त्याचा पाठपुरावा केलाच नाही. याचं मला आजही वाईट वाटतं, पण हा दोष पुढच्या सीझन्सचा आहे.

टाशाच्या मृत्यूबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. 'स्किन ऑफ ईव्हल' हा भाग अजून रंगायचाच असताना आर्मस नावाचा काळा चिखल तिला एका फटक्यात मारतो. पराक्रम नाही, बलिदान नाही, सूडाचं समाधान नाही. 'प्रमुख पात्राला असं मारतात का?' असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. टाशाची भूमिका करणारी डेनिस क्रॉस्बी मालिका सोडत होती, तिला घाईत उरकलं, असंही म्हणतात. ती सोडत होती हे खरंच. पण धोक्याच्या नोकरीतला मृत्यू असाही येतो, हे सांगण्याची हिंमत त्या काळच्या टीव्हीवर किती मालिकांनी केली? शिवाय ज्याला अनेकजण मालिकेतला सर्वोत्तम भाग मानतात, तो तिसऱ्या सीझनमधला 'यस्टरडेज एंटरप्राइझ' उभा आहे तो याच निरर्थकतेवर. दुसऱ्या एका कालप्रवाहात जिवंत असलेल्या टाशाला जहाजावरच्या गायननकडून कळतं की आपल्याला पोकळ मरण आलं होतं, आणि मग ती आपला मृत्यू स्वतः निवडते. पहिलं मरण पोकळ नसतं तर या निवडीला वजनच आलं नसतं.

दुसरं उदाहरण 'द मेझर ऑफ अ मॅन'चं. डेटा ही व्यक्ती आहे की स्टारफ्लीटच्या मालकीची वस्तू, याचा खटला चालू आहे. पिकार्ड त्याच्या बॅगेतल्या वस्तू एकेक करून समोर मांडतो. त्यात टाशाची छोटी होलोग्राम प्रतिमा निघते. ही का जपलीस, या प्रश्नावर डेटा आधी अडखळतो, मग सांगतो की आमची जवळीक होती. हे नातं आलं कुठून? 'द नेकेड नाउ'मधून, म्हणजे ज्या भागाची सर्वांत जास्त टिंगल होते त्याच भागातून. १९६६च्या मूळ मालिकेतल्या एका भागाची ती फेरमांडणी आहे आणि बरीच ओबडधोबड आहे, मान्य. तरीही तो पाहिलेल्या माणसाच्या घशात कोर्टातल्या त्या क्षणी आवंढा येतो.

'पात्रं घडलेली नाहीत' यावर एवढंच की पात्रांचं घडणं हीच तर बघण्याची गोष्ट आहे. पहिल्या भागात पिकार्ड आपला उपकप्तान रायकर याला बजावतो की मुलांच्या सहवासात मला अवघडायला होतं, ते तू सांभाळ. हा ताठ, अंतर राखणारा माणूस सात वर्षांनी शेवटच्या दृश्यात सहकाऱ्यांच्या पत्त्यांच्या डावात येऊन बसतो आणि म्हणतो, हे फार पूर्वीच करायला हवं होतं. ताठ पिकार्ड पाहिलाच नाही तर त्या वाक्यात उरतं काय? जहाजावरचा क्लिंगॉन जमातीचा अधिकारी वॉर्फ याच्या पूर्वेतिहासाचा पायाही इथलाच. खिटोमर तळावरचा रोम्युलन हल्ला, त्यातून वाचलेलं क्लिंगॉन पोर आणि त्याला वाढवणारी माणसं, हे सगळं 'हार्ट ऑफ ग्लोरी'मध्ये येतं. तिसऱ्या सीझनमधला त्याच्या वडिलांवरच्या आरोपाचा भाग त्यावरच रचलेला आहे.

आता 'गोष्टी टुकार'. काही आहेतच. 'कोड ऑफ ऑनर'मध्ये कृष्णवर्णीय कलाकारांना घेऊन रंगवलेला टोळीसमाज आज बघवत नाही, आणि तो तेव्हाही चूकच होता. 'एंजल वन' आणि 'जस्टिस' मीही कोणाला बघा म्हणणार नाही. पण याच सीझनमधल्या 'द बिग गुडबाय'ला पीबॉडी हा अमेरिकेतला मानाचा प्रसारण-पुरस्कार मिळाला. होलोडेकवर, म्हणजे जहाजातल्या आभासी जगाच्या खोलीत, उभ्या केलेल्या १९४१च्या सॅन फ्रान्सिस्कोतला पोलीस निरोप घेताना पिकार्डला विचारतो की तू गेल्यावर हे जग उरेल का, माझी बायको-मुलं घरी वाट बघत असतील का? पिकार्ड प्रामाणिकपणे सांगतो की मला माहीत नाही. इथे पिकार्डला सुटायला वाट ठेवलेली नाही. पुढे होलोडेकवरच्याच मोरिआर्टी या पात्राच्या भागांत हाच प्रश्न मोठा होऊन आला.

'सिम्बायोसिस'ही तितकाच धीट. एका ग्रहाचे लोक ज्याला औषध समजतात ते व्यसन लावणारं द्रव्य आहे आणि त्यांची साथ केव्हाच संपलेली आहे. डॉक्टर क्रशर म्हणते, त्यांना सांगून टाका. पिकार्ड सांगत नाही. पण त्यांची जहाजं दुरुस्त करायलाही तो नकार देतो, म्हणजे पुरवठा आपोआप तुटणार. तो बरोबर वागला का? मी अजून क्रशरच्या बाजूने आहे.

दिसण्याबद्दल थोडक्यात. मालिका ३५ मिमी फिल्मवर चित्रित झाली होती, पण संकलन आणि दृश्यपरिणाम व्हिडिओ टेपवर झाले, म्हणून जुन्या प्रती धूसर दिसायच्या. २०१२पासून मूळ निगेटिव्ह नव्याने स्कॅन करून ब्लू-रे निघाली. ज्यांच्या मनात अजून टेपवरचं चित्र आहे त्यांनी ही प्रत एकदा बघावी.

आणि पडद्यामागचा गोंधळ? मालिकेचे निर्माते रॉडनबेरींशी पटेना म्हणून लेखक डी. सी. फोंटाना आणि डेव्हिड जेरोल्ड बाहेर पडले, हे खरं. पण १९८८च्या लेखक-संपाचा जास्त मार बसला तो दुसऱ्या सीझनला. त्याचे भाग २२वर आले, सुरुवात सत्तरच्या दशकात पडून राहिलेल्या पटकथेने झाली आणि शेवट जुन्या दृश्यांचे तुकडे जोडून. त्यातला 'द मेझर ऑफ अ मॅन' मात्र तरीही नावाजला जातो.

वेळ खरंच कमी असेल तर पहिला भाग, 'द नेकेड नाउ', 'व्हेअर नो वन हॅज गॉन बिफोर', 'द बिग गुडबाय', 'डेटालोर', '११००१००१', 'कमिंग ऑफ एज', 'हार्ट ऑफ ग्लोरी', 'सिम्बायोसिस', 'स्किन ऑफ ईव्हल', 'कॉन्स्पिरसी' आणि 'द न्यूट्रल झोन' एवढे तरी बघा, आणि याच क्रमाने बघा.