ग्रहणात शेवगा चिरला म्हणून मूल बुटकं होत नसतं

"बुटकं मूल का जन्मतं? प्रत्येक आईने वाचलेच पाहिजे" असा एक लांबलचक मेसेज सध्या सांगली-साताऱ्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय. वर गणपतीचा फोटो, खाली कुठल्यातरी पावडरवाल्याचा नंबर, मधे पाच मुद्दे. ग्रहणात आईने चिरलं-कापलं की बाळाचे हातपाय आखूड होतात. नात्यात लग्न केल्याचं हे फळ आहे. अशा मुलांची बुद्धीपण खुरटते. त्यांची लग्नं लावू नयेत कारण पुढची सगळी पिढी तशीच निघते. आणि उपाय काय, तर रोज तेल लावून बाळाला पायाला धरून उलटं लोंबकळवायचं, मान हळूहळू ओढायची आणि दुधातून ती पावडर द्यायची, 21 दिवसात फरक. एरवी असलं काही आलं की मी न वाचता डिलीट करतो. पण हा मेसेज माझ्या ताईला तिच्या चुलत सासूबाईंनी पाठवला, खाली फक्त "बघ जरा" लिहून. ताई तासगावला असते, तिच्या बाळाला अकॉन्ड्रोप्लेशिया, म्हणजे हातपाय आखूड राहून उंची खुंटवणारा जन्मजात आजार आहे, मिरजेच्या डॉक्टरांनी जीन टेस्ट करून तसं सांगितलंय. त्यामुळं आता लिहिणं भाग आहे.

पाचवा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीचे नुसते मूर्खपणाचे आहेत, हा जिवावर बेतणारा आहे.

या बाळांचं डोकं मोठं असतं, मान उशिरा धरते, आणि कवटीच्या तळाला जिथून मज्जारज्जू खाली उतरतो ते भोक त्यांच्यात मुळातच अरुंद असतं. तिथं दाब आला की झोपेत श्वास थांबू शकतो, तान्ही बाळं दगावलेली आहेत अशी. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स म्हणजे तिकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, त्यांनी 2020 साली या आजारावर डॉक्टरांसाठी सविस्तर मार्गदर्शन काढलंय, त्यात लहानपणीच मेंदू-मानेचा स्कॅन काढा, झोपेतला श्वास तपासा, डोक्याला हिसके बसू देऊ नका, पाठीला आधार नसताना लवकर बसवू नका, असं सगळं आहे. आणि आपल्याकडं काय चालतं? न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी पाय पसरून पाटावर बसतात, बाळ पायावर पालथं घालतात, तेल चोळून झालं की दोन्ही घोटे एका हातात धरून बाळ उलटं, मग कानाच्या मागं दोन्ही हात लावून डोक्याला धरून वर, "मान धरंल आता बघा." घरातल्या सगळ्या बायका कौतुकानं बघत असतात. धडधाकट बाळालासुद्धा हे करू नये, पण ज्याच्या मानेतच जागा कमी आहे त्याला हे करायला सांगणारा माणूस काय लायकीचा असेल ते तुम्हीच ठरवा. ताईनं डॉक्टरांच्या सांगण्यावरून मावशींना बंद केलं तर घरात आठवडाभर तोंडं फुगली होती, त्यात हा मेसेज आला.

तेल लावायला कोणाची ना नाही. हलक्या हातानं खुशाल लावा. लोंबकळवणं, ओढणं, उशा लावून घाईनं बसवणं नाही म्हणजे नाही, पाठीला येणारं पोक काहींच्यात कायमचं राहतं.

आणि ओढून हाड लांब होत नाही हो. एफजीएफआर थ्री नावाचा एक जीन आहे, त्याचं काम हाडं जास्त वाढू न देणं, म्हणजे ब्रेकच म्हणा. अकॉन्ड्रोप्लेशियामधे हा ब्रेक दाबलेलाच राहतो, त्यामुळं हातापायाची लांब हाडं वाढत नाहीत. हे 1994 साली सापडलंय, काल-परवाची थिअरी नाही. यात कॅल्शियम कमी नसतं, प्रोटीन कमी नसतं, वाढीचं हार्मोनपण कमी नसतं, मग पावडर नक्की कशाची कमी भरून काढणार? व्होसोरिटाइड नावाचं खरं औषध 2021 मधे युरोप-अमेरिकेत मंजूर झालं. रोज इंजेक्शन, किंमत अवाढव्य, हाडं वाढायची थांबायच्या आधीच घ्यावं लागतं, आणि ट्रायलमधे फरक किती पडला तर वर्षाला साधारण दीड सेंटीमीटर जास्त. एवढ्या मोठ्या कंपनीला वर्षात दीड सेंटीमीटर आणि या गड्याला 21 दिवसात सगळं.

आता ग्रहण. पोटात बाळ असताना 7 सप्टेंबर 2025 चं खग्रास चंद्रग्रहण येऊन गेलं होतं. मेसेज वाचून ताईनं जुनं कॅलेंडर काढलं आणि मला फोन करून विचारलं, त्या दिवशी मी शेवग्याच्या शेंगा केल्या होत्या का रे, तू जेवायला होतास ना? इतकी शिकलेली बाई! मी म्हटलं ग्रहण लागलं रात्री दहाच्या सुमाराला, तेव्हा तू झोपली होतीस. तर सासूबाईंचं उत्तर तयार, वेध दुपारपासनं लागलेले. म्हणजे यांच्या तावडीतनं सुटायचंच नाही. अहो, ग्रहण काय फक्त तासगावला दिसलं? सगळ्या देशात दिसलं, त्या रविवारी लाखो गर्भार बायकांनी भाजी चिरली असेल, आणि हा आजार होतो साधारण 25 हजार बाळांत एकाला.

मुळात वेळेचाच हिशोब लागत नाही. अशी सुमारे 80 टक्के बाळं नॉर्मल उंचीच्या आईबापांना होतात, जीनमधला बदल त्या बाळात नव्यानंच झालेला असतो, आणि असा नवा बदल जवळजवळ कायम बापाच्या शुक्राणूत होतो. म्हणजे आईला दिवस जायच्या आधीच जे व्हायचं ते झालेलं असतं. पाचव्या महिन्यातलं ग्रहण त्यात काय करणार? आणि आता हे वाचून कोणी भावजींच्या मागं लागू नका, बापाचं वय वाढलं की शक्यता थोडी वाढते हे खरंय, पण हा बदल आपोआप होतो, कोणी काही खाल्लं-प्यायलं म्हणून नाही. पण गंमत बघा, शास्त्र बापाकडं बोट दाखवतंय आणि मेसेज मात्र "प्रत्येक आईने वाचावे."

नात्यातल्या लग्नाचं म्हणाल तर अर्धं खरंय, मान्य करावं लागतं. आपल्याकडं मामाची पोरगी करायची पद्धत जुनी आहे, आणि काही आजारांत आई-बाप दोघांकडूनही बिघडलेला जीन यावा लागतो, मॉर्किओसारखे उंची खुंटवणारे काही आजार त्यातलेच, तिथं नात्यातल्या लग्नानं धोका खरंच वाढतो. आत्ये-मामे भावंडांची लग्नं ठरवताना डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, हे मीपण सांगेन. पण अकॉन्ड्रोप्लेशियाला एकाच बाजूचा बदल पुरतो, नात्याचा संबंध येत नाही. आमचे भावजी माण तालुक्यातले, आमच्याशी दूरदूरचं नातं नाही.

बुद्धीचं, तर ती सर्वसाधारणच असते. मुलं चालायला उशीर करतात कारण डोकं जड आणि पाय आखूड, त्याला "मंद" म्हणून मोकळं होऊ नका. कानाची इन्फेक्शनं मात्र वारंवार होतात, ऐकू कमी आलं तर बोलणं लांबतं, तेवढं तपासत राहायचं.

"सगळी पिढी" पण खोटं. जोडीदार नॉर्मल उंचीचा असेल तर प्रत्येक वेळी शक्यता निम्मी-निम्मी. दोघांनाही अकॉन्ड्रोप्लेशिया असेल तर चारात एक गर्भ दोन्हीकडचा बदल घेतो आणि ते बाळ जगत नाही, म्हणून आधी जेनेटिक कौन्सेलिंग करावं, म्हणजे बाळाला धोका किती ते जाणकार डॉक्टरांकडून समजून घ्यावं. लग्न लावायचं का नाही हे पावडरवाल्यानं सांगायची गरज नाही. 2016 च्या दिव्यांग कायद्यात बुटकेपणा आलेला आहे, मोठेपणी 147 सेंटीमीटर किंवा कमी उंची अशी व्याख्या आहे, सर्टिफिकेट मिळतं, ते काढून घ्या.

राहिला तो नंबर. उंची वाढवतो असं सांगून औषधाची जाहिरात करायला 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यानं बंदी आहे, यादीत उंची स्पष्ट लिहिलेली आहे, पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मी मेसेजचा स्क्रीनशॉट नंबरासकट काढून ठेवलाय, सोमवारी सांगलीच्या अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसात देतोय. साताऱ्यातपण त्यांचं ऑफिस आहे, तिकडं कोणाला आला असेल तर तिथं द्या. पुढं पाठवू नका.