हमी तुमची, शिक्का त्यांचा

तुमचा माल चांगला आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. तोच तुमच्या घरी शिजतो. पण जोवर ते कागदावर येत नाही तोवर माल संशयितच, तेव्हा अन्नहमी योजनेत, म्हणजे शेत तपासून मालाला प्रमाणपत्र देणाऱ्या योजनेत, मुकाट नाव नोंदवा. योजना ऐच्छिक असते. प्रमाणपत्र नसलेल्याचा माल खरेदीदार घेत नाही, इतकीच काय ती सक्ती.

तयारीला फवारणीच्या औषधांच्या खोलीपासून लागा. पावडरी वरच्या फळीवर, द्रव औषधं खालच्या, म्हणजे बाटली गळली तरी ती पावडरीवर ठिबकणार नाही. (हा नियम शहाणपणाचा आहे, योजना नसती तरी पाळा.) दाराला कुलूप, सांडलेलं अडवायला उंबरा, शोषून घ्यायला वाळूची बादली. मुदत संपलेली एखादी बाटली कोपऱ्यात सापडली की संपलं. ती वापरलीच नाही, हा बचाव चालत नाही. गोदामातल्या दिव्यांना आवरण घाला, काच फुटून धान्यात पडायला नको. उंदरांच्या औषधाच्या प्रत्येक डब्याला क्रमांक द्या आणि डबे कुठे ठेवलेत त्याचा नकाशा काढा. तुमच्याकडे उंदीर नसले तरी नकाशा लागतोच.

आता नोंदवही. तारीख, प्लॉट, पीक, कीड, औषधातला घटक, बॅच क्रमांक, हेक्टरी मात्रा, पाणी, फवारणाऱ्याचं नाव आणि काढणीपूर्वीचा प्रतीक्षा काळ. प्रतीक्षा 14 दिवसांची असताना काढणी 13 व्या दिवशी लिहिलीत, तर तो तुमचा लेखी कबुलीजबाब. वर्षाची वही तपासणीच्या आदल्या रात्री एका बैठकीत लिहायला घेऊ नका. एकच शाई, एकच वळण आणि मुसळधार पावसाच्या दिवशी फवारणी, हे मुरलेला ऑडिटर पहिल्या पानावर पकडतो. जनावरं असतील तर टॅग क्रमांक, औषध, शेवटची मात्रा आणि किती दिवसांचं दूध ओतून दिलं तेही लिहा. हे सगळं करून तपासणीची फी तुम्हीच भरायची, हे सांगायला नकोच.

एवढी साखळी सांभाळत माल कारखान्याच्या फाटकापर्यंत आणलात की निश्चिंत व्हा. पुढे तुमचा प्लॉट क्रमांक कुणी विचारत नाही. ज्या सायलोत, म्हणजे धान्याच्या उंच कोठीत, तुमचा माल पडतो त्यात आधी कितीजणांचा पडलाय, कोण जाणे. सायलो तळापर्यंत रिकामा न करता वरून भरत राहिलं, तर एक लॉट कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. कालच्या बॅचचा उरलेला माल आज पुन्हा मिसळला, तर आजच्या बॅचमध्ये कालचा दोष बिनबोभाट येतो. काही योजनांत तर ‘मास बॅलन्स’ नावाची सोय आहे. प्रमाणित माल जेवढा आत आला तेवढ्याच हिशेबाच्या मालावर शिक्का मारून बाहेर सोडायचा. पाकिटातला दाणा प्रमाणित शेतातलाच असला पाहिजे, असा आग्रह नाही. तुम्ही मात्र दोन प्लॉटच्या नोंदी एकत्र करून बघा!

2013 च्या जानेवारीत आयर्लंडच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने गोमांसाच्या बर्गरच्या चाचण्या जाहीर केल्या. एका नमुन्यातल्या मांसात 29 टक्के मांस घोड्याचं निघालं. तो घोडा गोठ्याचा आडणा उघडा राहिला म्हणून बर्गरमध्ये शिरला नव्हता. नंतर युरोपभर जे उघड झालं त्यात मालाचं नाव बदललं ते मधल्या व्यापारात आणि कारखान्यांत. म्हणून काय तुम्ही टॅग ढिले ठेवायचे? मुळीच नाही. साखळीत एक कडी तरी तपासता येईल अशी हवी ना.

माल नाकारला गेला तर वाद घालू नका, ओलाव्याच्या मीटरकडे बघा. 14 टक्क्यांची मर्यादा असताना त्यावर 14.6 दिसतंय? तुमच्या फवारणी पंपाचं कॅलिब्रेशन, म्हणजे माप बरोबर आहे की नाही याची तपासणी, कधी झालं ते तुम्ही तारखेसह दाखवता, तसंच या मीटरचं कधी झालं ते नम्रपणे विचारा. तोच नमुना दोनदा मोजायला सांगा, आणि नमुना एकाच ठिकाणाहून, वरच्यावर घेतलाय की गाडीत पाच-सहा जागी खोलवर नळी घालून, हेही बघा. नमुना काढताना स्वतः हजर राहा. त्याचे तीन भाग करून घ्या: एक त्यांचा, एक तुमचा, एक वाद झाला तर तिसऱ्या प्रयोगशाळेसाठी. तिन्हींवर सील, दोघांच्या सह्या, गाडी क्रमांक, वेळ.

यावर खरेदी अधिकारी दुखावल्या आवाजात म्हणतील, “आमच्यावर भरवसा नाही का?” उत्तर देऊ नका. पुढच्या तपासणीत उंदरांचा नकाशा पुढे सरकवताना ऑडिटरला हाच प्रश्न, याच आवाजात विचारून बघा.